गुरुवार, पाचच्या सुमारास

मावशीचं नाव अ‍ॅग्नेस. आईनं ते उलटं लिहिलं
आणि माझं ठेवलं : सेंगा.
डंडीत पूर्वी असं करायचे,
एका नावात दोघींचं भागायचं.
आमच्या घरात काटकसर झाली ती तेवढीच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आमचं अंथरूणच हप्त्यावर होतं,
गादी छत्तीस आठवडे, उशा वेगळ्या.

पहिलं कर्ज आईच्या शवपेटीचं.
ओकचीच हवी, असं मीच म्हटलं होतं.
दुसरं, पहिल्याच्या हप्त्यासाठी.
तिसऱ्याच्या फॉर्मवर कारण विचारलं होतं,
मी लिहिलं : घरखर्च.
खोटं नव्हतं. कर्ज तोवर घरातलंच झालं होतं,
टेबलापाशी त्याची एक खुर्ची होती.

दर गुरुवारी पाचच्या सुमारास मिस्टर लेनक्स यायचे.
भला माणूस. पाय पुसून आत यायचे,
ग्रेगरच्या खरचटलेल्या गुडघ्याची चौकशी करायचे,
नोटा मोजताना माझ्याकडे बघायचे नाहीत.
निघताना विचारायचे, नाताळसाठी थोडे देऊन ठेवू का?
आणि मी हो म्हणायचे,
चहा विचारल्यावर म्हणावं तसं.

एका गुरुवारी मी दिवे मालवून सोफ्यामागे बसले,
ग्रेगरच्या तोंडावर हात ठेवून.
सात वर्षांचं पोर. त्याला तो खेळ वाटला.
पुढच्या गुरुवारी तो पावणेपाचलाच
आपणहून तिथे जाऊन बसला.
हसत नव्हता.

मंगळवारी मी हिल्टाउनचा चढ चढून चर्चच्या मागच्या खोलीत गेले.
तिथे क्रेडिट युनियन भरते :
तीन टेबलं, एक हीटर आणि चष्म्याला दोरी बांधलेल्या मिसेस अबरनेथी.
मी पिशवीतली पाकिटं त्यांच्यापुढे उपडी केली,
निम्मी न फोडलेली.
त्या काही बोलल्या नाहीत. लोणी लावायच्या सुरीनं
एकेक फोडत गेल्या, मग कागद माझ्याकडे वळवला :
अकरा हजार चारशे बारा पौंड.
मला वाटलं होतं वीस असतील.
मला वाटलं होतं, त्याला आकडाच नसेल.

चार वर्षं दोन महिने.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.
शाळेच्या स्वयंपाकघरात जादा पाळी.
मीटरमध्ये पैसे भरण्याआधी अंगात कोट.
मसुराचं सूप, मग तेच, पाणी वाढवून.
बहिणीच्या लग्नात तोच निळा ड्रेस, आणि तिनं तो ओळखला.
थेंबाथेंबानं तळं साचतं खरं,
पण आमच्याकडे आधी खड्डा होता,
थेंब पडल्याचा आवाजही वर येत नसे.

मिसेस अबरनेथींनी एकच हट्ट धरला :
कर्ज फिटत असतानाच आठवड्याला दोन पौंड बाजूला.
मी भांडले. घराला आग लागलेली असताना
कुणी बादल्या साठवतं का?
त्या म्हणाल्या, ही विझेलच. पुढची?

शेवटचा हप्ता पोस्टात भरला.
काउंटरवरच्या मुलीनं शिक्का मारला आणि म्हणाली, पुढचे या.
बाहेर टे नदीवरून वारा येत होता, नेहमीसारखा तिरका.
मी चिप्स घेतल्या, रोख,
आणि भिंतीवर बसून एकटीनं सगळ्या खाल्ल्या.

मग फेब्रुवारीत वॉशिंग मशीन गेलं.
फरशीभर पाणी, ग्रेगरचा गणवेश आत अडकलेला.
मी जिन्याच्या पायरीवर बसून वाट पाहिली,
पोटात तो जुना गोळा उठायची.
उठला नाही.
टॉवेल टाकले. मंगळवारी दोन-दोन पौंडांतून
एकशे ऐंशी काढले. मशीन सेकंडहँड, जरा खडखडतं.
याला श्रीमंती म्हणत नाहीत, माहीत आहे मला.

गुरुवारी पाचला अजून मान वळते दाराकडे.
परवा खरंच वाजलं.
ग्रेगरनं वहीतून डोकं वर काढलं,
सोफ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, उघड.